मदत हवी आहे: स्क्रीन रीडरवर ऑर्डरचं पान अडतंय

नमस्कार मंडळी. माझा छोटा व्यवसाय आहे, वेबसाइट मीच सांभाळतो. परवा एका दृष्टिहीन ग्राहकाचा फोन आला, "तुमच्या ऑर्डरच्या पानावर नुसतं 'बटण, बटण' ऐकू येतं." खरं सांगतो, लाज वाटली. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मोफत मिळतो, तो उतरवून घेतला आणि डोळे मिटून स्वतःच ऑर्डर द्यायला बसलो. तिसऱ्या मिनिटाला हात टेकले.

तेव्हापासून बटणांना नावं दिली, फोटोंना ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) दिला, रकान्यांना प्लेसहोल्डरऐवजी (आतल्या फिकट नमुना मजकुराऐवजी) खरी लेबलं लावली. डब्ल्यूसीएजी या वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणून फिकट राखाडी अक्षरंही गडद केली. (ती मला फार आवडायची, असो.)

घोडं अडलंय ते तारीख निवडायच्या पॉप-अपपाशी. तो उघडतो, पण टॅब दाबला की फोकस (कीबोर्ड ज्या जागी काम करतोय ती जागा) मागच्या पानावरच फिरत राहतो आणि एस्केपने खिडकी बंदही होत नाही. सध्या ती साध्या डिव्हची (एचटीएमएलमधल्या नुसत्या चौकटीची) आहे. एचटीएमएलचा डायलॉग एलिमेंट (अशा खिडक्यांसाठीचा तयार घटक) वापरला तर हे सुटेल का? आणि बंद केल्यावर फोकस मूळ बटणावर परत कसा आणायचा?

शिवाय एकजण "एक ओळ कोड टाका, साइट सुगम होईल" असं विजेट गळ्यात मारतोय. मूळ एचटीएमएलच चुकलेलं असताना वरून लावलेलं विजेट काय करणार, असं मला वाटतं. कुणी वापरलंय का?

रोज स्क्रीन रीडर वापरणारं कुणी पान तपासून देणार असेल, तर त्यांच्या वेळेचे पैसे देईन.