मदत हवी आहे : दोनच पट्ट्या सतत जोरात वाजतात

६१ पट्ट्यांचा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड). मधल्या सप्तकातली पांढरी पाच (G) आणि काळी चार (G#) या दोन पट्ट्या कितीही हलक्या दाबा, मिडी मॉनिटरवर (सिंथचे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) वेलॉसिटी, म्हणजे दाबण्याचा जोर, कमाल १२७च! टच सेटिंग तपासलं, फॅक्टरी रीसेटही झाला.

प्रत्येक पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो. त्यामुळे संशय तिथेच आहे. ठरावीक अंतराने अनेक पट्ट्या बिघडल्या असत्या तर रिबन केबल (आतली चपटी वायर) तपासली असती. पट्ट्यांखालची रबर पट्टी उचलून तिच्यावरच्या, कॉन्टॅक्ट जुळवणाऱ्या कार्बनच्या टिकल्या आणि बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. दोन दिवस छान चाललं, मग पुन्हा तेच. एका टिकलीची कड झिजून राखाडी दिसते आहे.

त्यावर ग्रॅफाइट लावलं तर टिकतं का, की रबर पट्टीच बदलावी? पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत अशी सुटी रबर पट्टी कोणाला मिळाली आहे का?