रस्टचे नियम पाठ करायचे की त्यामागचे शोधनिबंध वाचायचे?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात सी++ या भाषेतला काही जुना कोड रस्ट या नव्या प्रोग्रामिंग भाषेत न्यायचं काम सुरू आहे. त्यासाठी सगळ्यांना एक व्हिडिओ कोर्स लावून दिला. कोर्स संपला, तरी टीममधली मुलं बॉरो चेकरशी, म्हणजे कोणती मेमरी कोण कधी वापरतो हे तपासणाऱ्या कंपाइलरच्या भागाशी, झटापट करतातच आहेत. एरर आला की क्लोन टाकायचं, म्हणजे व्हॅल्यूची प्रतच काढायची, तेवढ्याने भागलं नाही तर सगळं आर्क (सामायिक मालकी) आणि म्युटेक्स (एका वेळी एकालाच वापरू देणारं कुलूप) यांत गुंडाळायचं. कंपाइल झालं की विषय संपला. नियम असाच का, हे कोणी विचारत नाही, कारण कोर्सने ते सांगितलेलंच नाही.

माझं म्हणणं असं की सिस्टिम्स प्रोग्रामिंग करणाऱ्याने आपल्या भाषेमागचे मूळ शोधनिबंध वाचायलाच हवेत, आणि त्यासाठी ऑफिसने ट्रेनिंगमधला वेळ द्यायला हवा.

1998 साली डेव्हिड क्लार्क, जॉन पॉटर आणि जेम्स नोबल यांनी ओनरशिप टाइप्सवर निबंध लिहिला. रस्टचा तेव्हा पत्ताही नव्हता. त्यांनी दुखणं मांडलं ते ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांचं. क्लासमध्ये प्रायव्हेट लिहिलं की फील्डचं नाव लपतं, पण त्या नावामागचा ऑब्जेक्ट लपत नाही. एखाद्या मेथडने आतल्या लिस्टचा रेफरन्स बाहेर दिला की बाहेरचा कोणीही ती लिस्ट बदलू शकतो आणि क्लासला त्याची गंधवार्ताही नसते. त्यांचा उपाय असा: प्रत्येक ऑब्जेक्टला मालक असेल, मालकाला वगळून बाहेरून आत पोचता येणार नाही, आणि हे टाइप सिस्टिमच तपासेल. आपल्याकडे इंजिनिअरिंगला एन्कॅप्सुलेशनची व्याख्या लिहून मार्क मिळवून पुढे जातात. ती व्याख्या कुठे फुटते, हे चार वर्षांत एकदाही कानावर पडत नाही.

लाइफटाइमचंही, म्हणजे रेफरन्स किती काळ वैध आहे हे सांगणाऱ्या रस्टच्या खुणेचंही, तसंच. मॅड्स टॉफ्टे आणि ज्याँ-पिएर ताल्पँ यांनी 1994 साली मेमरी रीजन नावाच्या भागांमध्ये वाटायची कल्पना मांडली: रीजन सोडलं की त्यातलं सगळं एकदम मोकळं, आणि ते कधी सोडायचं हे कंपाइलर ठरवणार. 2002 साली सायक्लोन या सीसारख्या भाषेवरच्या निबंधात तीच कल्पना पॉइंटरच्या (मेमरीतला पत्ता धरणाऱ्या व्हॅल्यूच्या) टाइपमध्ये आली. पॉइंटर कोणत्या रीजनमध्ये बघतो ते टाइपमध्येच लिहायचं. तिथली फंक्शनची सिग्नेचर वाचून रस्टची वाचा. लाइफटाइमचं ते चिन्ह आयुष्य वाढवत नाही, फक्त नातं सांगतं, हे लगेच लक्षात येतं. आमच्या टीममध्ये अजूनही काहींना वाटतं की लाइफटाइम लिहिला की व्हॅल्यू जास्त वेळ जगते.

फर्मवेअरवाला, रबाळे

तुमची तळमळ समजते, पण मी पूर्ण विरोधात आहे.

मी रबाळे एमआयडीसीत मोटर कंट्रोलरचं फर्मवेअर (चिपमध्ये बसणारा कोड) लिहून घेतो. मला डेटाशीट वाचणारा, ऑसिलोस्कोप लावणारा, लिंकर स्क्रिप्टला न घाबरणारा माणूस लागतो. निबंधांतल्या गणिताची, ग्रीक अक्षरांची पानं वाचलेला माणूस मला त्या कामात पुढे गेलेला दिसला नाही.

शिवाय भाषा निबंधातून जन्मतात, हा समजच मला मान्य नाही. सी++चा कर्ता स्त्राउस्त्रुप याने केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला या भाषेत सिम्युलेटर लिहिला. क्लासमुळे कोड सुरेख झाला, पण चालवायला गेल्यावर मशीन गुडघ्यावर आलं. मग सगळं बीसीपीएल या साध्या भाषेत पुन्हा लिहावं लागलं. त्या त्रासातून 1979 साली बेल लॅब्समध्ये सी विथ क्लासेस सुरू झालं आणि 1983 मध्ये त्याला सी++ हे नाव मिळालं. याला मी अनुभव म्हणतो.

रस्टचंच उदाहरण घ्या. सुरुवातीच्या रस्टमध्ये टाइपस्टेट (व्हेरिएबलची अवस्था कंपाइलरने तपासायची सोय) होतं, थेट 1986च्या स्ट्रॉम आणि येमिनी यांच्या निबंधातून घेतलेलं. लोकांनी ते फारसं वापरलंच नाही, 2012 मध्ये काढून टाकलं. ग्रीन थ्रेड्स (भाषेनेच सांभाळलेले, एकाच वेळी चालणारे कामाचे हलके धागे) 1.0 आवृत्ती यायच्या आधी गेले, गार्बेज कलेक्शनवाले (नको असलेली मेमरी आपोआप गोळा करणारे) पॉइंटरही गेले. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे वापरणाऱ्यांनी ठरवलं.

ऐरोलीकर

टाइपस्टेट काढलं हे खरं, पण तेवढ्यावर ती गोष्ट संपत नाही. त्या निबंधाचा गाभा हा होता की व्हेरिएबलचा टाइप एकच राहिला तरी प्रोग्राम पुढे सरकतो तशी त्याची अवस्था बदलते: आधी रिकामं, मग भरलेलं, मग सोडून दिलेलं. कुठल्या अवस्थेत कुठली क्रिया चालेल हे कंपाइलरने तपासायचं. आता रस्टमध्ये एखादी व्हॅल्यू दुसऱ्या फंक्शनला देऊन टाका आणि मग वापरा. मूव्ह झालेली, म्हणजे मालकी दुसऱ्याकडे गेलेली, व्हॅल्यू वापरताय, असा एरर येतो. स्ट्रॉम आणि येमिनी हीच तपासणी सांगत होते. काढलं ते अटी हाताने लिहायचं जड यंत्र, कल्पना भाषेत मुरलेली आहे.

ग्रेडन होअरने 2006 साली रस्टचा प्रकल्प स्वतःच्या हौसेने सुरू केला. रस्ट जुन्या, पारखलेल्या कल्पनांवर उभी आहे, हे त्याने सुरुवातीलाच जाहीर सांगितलं होतं. सिम्युलाचा उल्लेख तुम्ही केलात, तर डाल आणि न्यगार्ड यांचं सिम्युला 67 ऑस्लोच्या संगणन केंद्रात झालेलं संशोधनच होतं. ते नसतं तर स्त्राउस्त्रुपला क्लास कुठून मिळाला असता? त्रासामुळे माणूस कामाला लागतो, पण हाताशी आधीचं काही लागतंच.

जुना सी++वाला, घोडबंदर रोड

मला दोघांशीही भांडायचंय.

ऐरोलीकर, तुम्ही ओनरशिपची कथा अशी सांगता जणू ती 1998च्या निबंधातून सरळ रस्टमध्ये उतरली. मधे आम्ही होतो. डिस्ट्रक्टरच्या (ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणाऱ्या कोडच्या) भरवशावर फाइल, लॉक, मेमरी सगळं आपोआप सोडायची सवय सी++ने लावली. सी++च्या 1998च्या स्टँडर्डमध्ये ऑटो पॉइंटर (मेमरी स्वतःच सोडणारा पॉइंटर) होता. त्याची कॉपी केली की मूळ पॉइंटर रिकामा व्हायचा, आणि दिसायला ते साधं असाइनमेंट! कंटेनरमध्ये तो ठेवण्याची सोय नव्हती. 2002 मध्ये हॉवर्ड हिनंट आणि सहकाऱ्यांनी मूव्ह सिमँटिक्सचा (कॉपी न करता मालकी हलवायचा) प्रस्ताव सी++चं स्टँडर्ड ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवला, 2011च्या स्टँडर्डमध्ये तो आला आणि त्याबरोबर एकच मालक असणारा युनिक पॉइंटर आला. रस्टने मूव्ह हीच सर्वसाधारण पद्धत केली, चांगलं केलं. पण आमची बारा-तेरा वर्षांची वादावादी झाली नसती तर ते इतक्या सहज सुचलं असतं का?

तेव्हा साहित्य वाचायचं तर समितीचे प्रस्तावही वाचा. ते फुकट उपलब्ध आहेत, त्यात ग्रीक अक्षरं क्वचितच असतात, आणि कुठला पर्याय का नाकारला ते तिथे लिहिलेलं असतं. परिषदेच्या निबंधात यशस्वी बाजू दिसते. प्रस्तावात भांडण दिसतं, आणि शिकायला भांडण बरं.

फर्मवेअरवाले साहेब, तुम्हीही नीट ऐका. स्त्राउस्त्रुप निव्वळ अनुभवावर थांबला नाही. मल्टिपल इनहेरिटन्स (एका क्लासला एकाहून जास्त बेस क्लास) सी++मध्ये कसं बसवायचं, व्हर्च्युअल फंक्शनचं टेबल मेमरीत कसं मांडायचं, यावर त्याने 1987 साली स्वतः निबंध लिहिला आणि 1989च्या 2.0 आवृत्तीत ते आलं. दोन बेस क्लास असले की धिस पॉइंटर (ऑब्जेक्टचा स्वतःचा पत्ता) का सरकतो, हे आमच्या बॅचला डीबगरमध्ये बसून शोधावं लागलं होतं. निबंध हाताशी असता तर एका संध्याकाळचं काम होतं.

प्राध्यापिका, नेरूळ

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवते, म्हणून वर्गात हे कसं दिसतं ते सांगते. माझ्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली मुलं बरीच असतात. इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचतानाच त्यांची दमछाक होते. त्यांच्या हातात थेट टाइप सिस्टिमचा निबंध दिला तर ती पहिल्या पानावरच म्हणतील की हे आपल्यासाठी नाही. हे वाक्य एकदा मनात बसलं की काढणं फार अवघड असतं, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्यात युनिव्हर्सिटीचा सिलॅबस, टर्म वर्क, जर्नल. ऐरोलीकर, "वाचायलाच हवेत" हा आग्रह मी वर्गात नेऊ शकत नाही.

पण मधला रस्ता आहे. प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासावर एक परिषद काही वर्षांच्या अंतराने भरत आली आहे. तिच्यासाठी स्त्राउस्त्रुपने 1993, 2007 आणि 2020 असे तीनदा सी++चा इतिहास लिहिला. ते गद्य आहे, निर्णयांच्या गोष्टी आहेत. माझी मुलं ते वाचतात आणि प्रश्न घेऊन येतात. पैशाचा अडसरही आता तितका नाही. एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेने 1951 ते 2000 या काळातलं जुनं साहित्य 2022 मध्ये सगळ्यांना खुलं केलं, म्हणजे तुमचा 1998चा ओनरशिपचा निबंध कोणीही उतरवून घेऊ शकतं.

सुरक्षा_कोपरखैरणे

सगळे इतिहासात रमलेत, म्हणून आकडे आठवून देतो. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये सांगितलं की त्यांच्या दरवर्षीच्या सुरक्षा दोषांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या चुकांमुळे असतात. क्रोम ब्राउझरमागच्या क्रोमियमच्या गंभीर दोषांचंही प्रमाण 2020 मध्ये तेवढंच निघालं. अँड्रॉइडमध्ये नवा कोड मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषांत लिहायला लागल्यावर मेमरीच्या दोषांचा वाटा 2019च्या 76 टक्क्यांवरून 2024 मध्ये 24 टक्क्यांवर आला. कंपन्या रस्टकडे या आकड्यांमुळे वळल्या. सायक्लोनचा निबंध 2002चा आहे. मधल्या वर्षांत त्याच्या जोरावर किती बफर ओव्हरफ्लो (नेमलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिणं) थांबले? सायक्लोन भाषाच बंद पडली. संशोधन कपाटात पडून होतं. ते बाहेर काढलं फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या पैशाने आणि इंजिनिअरांच्या कष्टाने.

ऐरोलीकर

मोझिलाचे पैसे होते हे कबूल. पण 2010 मध्ये ते लोक कपाट उघडायला गेले तेव्हा कपाटात काहीतरी होतं ना? गार्बेज कलेक्टरशिवाय मेमरी सुरक्षित ठेवता येते, हे सायक्लोनने आठ वर्षं आधी प्रत्यक्ष चालणाऱ्या कंपाइलरनिशी दाखवलं होतं. वापरणाऱ्याला किती टाइप हाताने लिहावे लागतात, कुठे कंटाळा येतो, हेही त्यातून कळलं. पुढच्यांना त्याच भिंतीवर डोकं आपटावं लागलं नाही. बंद पडलेल्या भाषेचं हे काम मोठं आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

खारघरची विद्यार्थिनी

मॅडम, मी मराठी माध्यमाचीच आहे, शेवटच्या वर्षाला. मी रस्टची सुरक्षितता गणिताने सिद्ध करणारा रस्टबेल्ट हा निबंध वाचायला घेतला, 2018चा, जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतला. सिद्धतेचा भाग माझ्या डोक्यावरून गेला. पण प्रस्तावना आणि उदाहरणं समजली, आणि त्या नादात एक गोष्ट सापडली ती कुठल्याच कोर्समध्ये नव्हती.

ही सिद्धता करताना 2017 मध्ये निबंधाचा एक लेखक राल्फ युंग याला स्टँडर्ड लायब्ररीतल्या म्युटेक्स गार्डमध्ये दोष सापडला. म्युटेक्स लॉक केल्यावर हातात गार्ड येतो. तो गार्ड दोन थ्रेड्समध्ये शेअर करता येईल का, हे कंपाइलर आपोआप ठरवत होता, आणि आतल्या टाइपबद्दल विचारायचा प्रश्न चुकीचा होता. आतला टाइप दुसऱ्या थ्रेडला पाठवता येतो एवढंच बघितलं जायचं, शेअर करता येतो का हे नाही. त्यामुळे आत सेल (शेअर असतानाही बदलता येणारा टाइप) ठेवला की दोन थ्रेड्स एकाच गार्डमधून एकाच वेळी तो बदलू शकत होते. डेटा रेस (दोन थ्रेड्स एकाच जागी बेशिस्तपणे लिहितात तो दोष), तोही अनसेफ (कंपाइलरच्या तपासण्या सैल करणारा रस्टमधला शब्द) न लिहिता! रस्ट 1.0 मे 2015 मध्ये आलं होतं, म्हणजे हे दोन वर्षं तसंच होतं. कुठल्या टेस्टने पकडलं नाही. पकडलं ते "हा टाइप शेअर करायला सुरक्षित आहे, हे सिद्ध करा" असं बसून विचारल्यामुळे.

फर्मवेअरवाला, रबाळे

ताई, छान वाचलंय तुम्ही. पण मला सांगा, त्या दोषामुळे कुठलं मशीन बंद पडलं? म्युटेक्सच्या आत सेल ठेवतो कोण? माझ्याकडे बॅच अडकते ती वॉचडॉगला (प्रोग्राम अडकला तर यंत्र रीसेट करणारा टायमर) वेळेत टिचकी न मारल्यामुळे, डीएमएचा (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत डेटा नेणारी सोय) बफर वेळेआधी वाचल्यामुळे. टीमचा शनिवार मी त्यावर घालवणार. अशा दुर्मीळ दोषांसाठी माणसं आहेत, त्यांनी ते काम करावं, आम्ही नवी आवृत्ती उतरवून घेऊ.

ऐरोलीकर

डीएमएचं नाव तुम्हीच काढलंत, तर त्यावरच बोलतो.

तुमचं फर्मवेअर उद्या रस्टमध्ये गेलं तर हार्डवेअरच्या रजिस्टरला हात लावणारी प्रत्येक ओळ शेवटी अनसेफमध्ये जाऊन थांबते. डीएमएचा बफरही तिथेच. अनसेफच्या आत बॉरो चेकर कच्च्या (नियमांबाहेरच्या) पॉइंटरकडे बघत नाही, पण ऑप्टिमायझर, म्हणजे कोड वेगवान करणारा कंपाइलरचा भाग, मात्र रेफरन्सचे नियम पाळले गेलेत असं धरूनच चालतो. बदलता येणारा रेफरन्स एकमेव आहे असं धरून तो वाचन-लेखनाचा क्रम हलवू शकतो, जुनी व्हॅल्यू प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवू शकतो. तुम्ही कच्च्या पॉइंटरने त्याच जागी लिहिलंत की डीबग बिल्ड चालेल आणि रिलीज बिल्ड बिघडेल. अनसेफमध्ये नेमकं काय चालेल, याचा एक काटेकोर नियमसंच 2020च्या स्टॅक्ड बॉरोज या निबंधात मांडलाय. मिरी नावाचं साधन त्यानुसार कोड तपासतं. पण मिरी कोड स्वतःच्या आभासी यंत्रात चालवतं, तुमच्या बोर्डावरची खरी रजिस्टर्स त्याला दिसत नाहीत. जिथे साधन पोचत नाही, तिथे नियम माणसाच्या डोक्यातच असावा लागतो. वेब सर्व्हर लिहिणाऱ्याने हा निबंध टाळला तर एक वेळ चालेल. तुमच्या टीमचं मात्र अडेल.

जुना सी++वाला, घोडबंदर रोड

हे बरोबर आहे. सी++मध्ये स्ट्रिक्ट एलियसिंगने (वेगळ्या टाइपचे दोन पॉइंटर एकाच जागेकडे बघत नाहीत, असं कंपाइलरने धरायचा नियम) नेमका हाच घोळ घातला होता. जीसीसी या कंपाइलरला तो नियम बंद करायचा फ्लॅग देऊन वर्षानुवर्षं दिवस काढलेली टीम मी पाहिली आहे, आणि त्यातल्या कोणीही स्टँडर्डमधला तो परिच्छेद उघडलेला नव्हता.

फर्मवेअरवाला, रबाळे

मिरीचा मुद्दा मान्य. आमचा डीएमएचा कोड त्यातच येतो आणि रिलीज बिल्डचा तो अनुभव आम्हाला सीमध्येही येतो. त्या निबंधातला उदाहरणांचा भाग टीमसमोर मांडायला तुम्ही येणार असाल तर शनिवारी सकाळी रबाळ्याला या. आमचा बफरचा कोड समोर ठेवू आणि त्यावरच बोलू. सिद्धतेच्या पानांना मी वेळ देणार नाही. आणि कॉलेजच्या मुलांना आधी डीबगर शिकवा, हे माझं मत तसंच आहे.

प्राध्यापिका, नेरूळ

शनिवारी मीही येऊ का? खारघरच्या मुलीला आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन. त्यांनी डीबगर आणि निबंध एकाच टेबलावर बघावेत असं मला फार वाटतं.