उनकेश्वरच्या गरम पाण्यावर वीज का होत नाही?

पैनगंगाकाठचा:
परवा उनकेश्वरला जाऊन आलो (किनवट तालुका, जिल्हा नांदेड). शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून काढलेलं पाणी म्हणतात. लोक खरूज-नायट्यासाठी तिथं न्हातात. न्हाऊन झालं की ते पाणी वाहून जातं, अन् आमच्या शेतात रात्री-बेरात्री लाइटची वाट बघायची. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ सालीच जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावले होते. आइसलँडात दहातली नऊ घरं जमिनीच्या उष्णतेनं गरम राहतात. आपली काळी जमीन तर ज्वालामुखीचीच! सरकारनं इथं प्रकल्प काढायलाच पाहिजे.

बोअरवाला:
भाऊ, त्या पाण्यानं आंघोळ करता आली ना? मग विजेचं नाव सोडा. लार्देरेल्लोला वाफ होती, तुमच्याकडं चाळीस-बेचाळीस डिग्रीचं पाणी आहे. अलास्कात चेनाला २००६ पासून ७४ डिग्रीच्या पाण्यावर वीज करतात, पण तिथं शेजारीच बर्फागत गार पाणी मिळतं. हे यंत्र दोन्हीतल्या फरकावर फिरतं. मे महिन्यात नांदेडला हवाच ४२-४३. कुंडही तेवढंच, हवाही तेवढीच, फिरवायचं कशावर?
ज्वालामुखीचं म्हणाल तर तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच निवला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं, वर येतं. एवढीच गोष्ट.

पैनगंगाकाठचा:
मग खोल जा की. दर किलोमीटरला २५-३० डिग्री वाढते म्हणतात. चार-पाच किलोमीटर गेलं तर दीडशे डिग्री मिळतंय. लडाखात पुग्याला ओएनजीसीनं (सरकारी तेल कंपनी) २०२१ साली असल्याच विजेसाठी करार केलाच ना? तिथं करायलेत, मराठवाडा म्हटलं की नाही.

बोअरवाला:
पुग्याला उकळतं पाणी आपसूक वर येतं. आम्ही सातशे फुटांवर गेलो तरी शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, तुम्ही किलोमीटर बोलायलात.

औशाची लेक:
“खोल जा” वाचून राहवलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या रात्री मी दुसरीत होते. किल्लारी आमच्यापासून लांब नाही, बाकी सांगत नाही. दक्षिण कोरियात पोहांगला असंच खोल छिद्र पाडून दाबानं पाणी सोडलं अन् २०१७ ला ५.४ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. त्या प्रकल्पामुळंच बसला, असं तिथल्या सरकारी तपासातच निघालं. स्वित्झर्लंडात बाझेलचं काम २००६ च्या धक्क्यानंतर बंद पडलं. आमच्या उशाला हे नको.

रिटायर मास्तर:
ताई, तुमचं दुःख मान्य. पण धक्का बसला तो कोरड्या खडकात दाबानं पाणी घुसवल्यामुळं. जिथं गरम पाणी आपोआप आहे, तिथली गोष्ट वेगळी. सगळ्याला एका मापानं मोजू नका.

औशाची लेक:
सर, आपल्याकडं आपोआप आहे ते बेचाळीस डिग्रीचं, वर बोअरवाले सांगूनच बसलेत. म्हणजे वीज पाहिजे असेल तर घुसवावंच लागणार ना?

रिटायर मास्तर:
बरं, विजेचा हट्ट मी सोडला. पण मराठवाड्याला गारवा पाहिजे, ऊब कुणाला पाहिजे? विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, उन्हाळ्यात गार. पाणी जवळपास तेच असतं, बदलतो आपण. काही पुरुष (माणसाच्या उंचीचं माप) खाली गेलं की बारा महिने एकच ऊन-गार. वेरूळच्या लेण्यात मे महिन्यात शिरून बघा. पेवात (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात) ज्वारी टिकायची त्यामागं हेही होतं. (उघडलं की आधी कंदील सोडायचा, विझला तर माणूस उतरायचा नाही!) परदेशात जमिनीत नळ्या पुरून पंपानं घरं गार करतात. छिद्र शंभर-दोनशे मीटरचं, आपल्या बोअरएवढंच. दवाखाना, शाळा इथून सुरुवात करा.

बोअरवाला:
हे पटलं. पण पंपाला लाइट लागतीच, अन् नळ्या पुरायचा खर्च कूलरच्या कितीतरी पट. कोण देणार?

पैनगंगाकाठचा:
मास्तर, आमच्या वाड्यातलं पेव गेल्या साली मुरूम टाकून बुजवलं. त्यावरच कूलर ठेवलाय.