'ओष्ठमुद्रा' की 'ओठांचा ठसा'? आणि 'कपालमापन'?

प्रश्न (राजारामपुरी): न्यायवैद्यकावरचं, म्हणजे गुन्ह्यांच्या तपासाला लागणाऱ्या वैद्यकावरचं एक टिपण मराठीत लिहितेय. 'लिप प्रिंट'साठी 'ओष्ठमुद्रा' लिहिलं, तर आईनं विचारलं, "म्हणजे ओठ मुडपलेला चेहरा का गं?" काय लिहू? आणि डोक्याच्या मापांसाठी 'कपालमापन' चालेल का?

उत्तर (गंगावेश): आईंना बरोबर खटकलं, ताई. मुखमुद्रा, भावमुद्रा हे शब्द कानात इतके बसलेत की ओष्ठमुद्रा म्हणताच चेहराच डोळ्यांपुढे येतो. शिवाय मुद्रा मुद्दाम उमटवतात. खरेदीखताखालची 'निशाणी डावा अंगठा' तीही मुद्दामच. ठसा मात्र नकळत मागं राहतो. आमच्या दूधकट्ट्यावर दूध पिऊन पेला खाली ठेवला की काठावर उरतो, तो ओठांचा ठसा. तेच लिहा.

पण खुद्द ओठांवर असतात त्या 'रेघा'. सुझुकी आणि त्सुचिहाशी या जपानी संशोधकांनी १९७० साली त्यांची वर्गवारी केली: आरपार उभ्या, अर्ध्यात थांबणाऱ्या, फाटे फुटलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, जाळीदार आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्या. रेघ आणि ठसा वेगळे ठेवाच, कारण ओठ मऊ. दाब बदलला की त्याच रेघांचा ठसा वेगळा उमटतो.

उत्तर (मंगळवार पेठ): 'कपालमापन'ही जपून वापरा. कपाल म्हणजे कवटी, पण वाचणारा 'कपाळ' समजतो. हाडांची असेल तर 'कवटीचं मापन', जिवंत माणसाचं असेल तर 'शिरोमापन'. डोक्याच्या रुंदीला लांबीनं भागून १००नं गुणलं की शिरोनिर्देशांक येतो. साधारण ७५च्या खाली लांबट डोकं, ८०च्या वर रुंद.

आणि कळकळीनं सांगतो, या आकड्यापुढं 'ओळख पटते' लिहू नका. मराठीत ओळख पटली म्हणजे शंका संपली. एकच निर्देशांक हजारो डोक्यांचा असतो. पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या बेर्तियाँनं डोक्यासह अंगाची अनेक मापं एकत्र घेतली, ती याचसाठी. तरीही ती पद्धत बोटांच्या ठशांपुढं मागं पडली. कोलकात्यात तर १८९७ सालीच बोटांच्या ठशांचं कार्यालय उघडलं.

प्रश्नकर्ती: मीही 'ओळख पटते' असंच लिहिलं होतं. आता वाक्य असं केलंय: "पेल्यावरचा ओठांचा ठसा आणि डोक्याची मापं यांवरून शोधाचा आवाका कमी होतो, ओळख पटवायला दुसरा भक्कम पुरावा लागतो." आईला वाचून दाखवलं. 'आवाका'ऐवजी 'घेर' कर म्हणाली. केला.