मस्टँग जीटी: पूर्ण एअर सस्पेन्शन घ्यावं की नुसते लिफ्ट कप?

वाकड_व्ही८ (प्रश्न)

गाडी फोर्ड मस्टँग जीटी, २०१७, मॅग्नेराइड (विजेवर कडकपणा बदलणारे शॉक ॲब्सॉर्बर) नाही. सध्या कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बर) आहेत. मोजलेले आकडे असे: पुढच्या लिपखाली (बंपरची खालची कड) ११० मिमी, दोन चाकांच्या मधोमध पोटाखाली १२५ मिमी. लिपचं टोक पुढच्या ॲक्सलच्या ९०० मिमी पुढे. वापर बहुतेक शहरात, महिन्यातून एकदा घाट, वर्षातून एक-दोन ट्रॅक डे.

पर्याय तीन दिसतात. पहिला, चारही कोपऱ्यांना स्प्रिंगच्या जागी हवेची बॅग असलेलं पूर्ण एअर किट, एअर लिफ्ट कंपनीच्या ३पी किंवा ३एच मॅनेजमेंटसह (हवा भरणारी-सोडणारी नियंत्रण यंत्रणा). दुसरा, आहेत त्या कॉइलओव्हरवर पुढे हायड्रॉलिक लिफ्ट कप, म्हणजे स्प्रिंगवर बसून तेलाच्या दाबाने गरजेपुरती गाडी उचलणारे. तिसरा, तेच कप पण हवेवर चालणारे. बजेट आहे, पण उगाच घालवायचं नाही. टाकी केवढी लागेल, पावसाळ्यात काय बिघडतं आणि आरटीओचं काय, हेही सांगा.

गोलमाप

किट निवडायच्या आधी नक्की काय घासतं ते ठरवा. लिप आणि पोट हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

लिपचं गणित: ११० भागिले ९००, म्हणजे सुमारे ७ अंश. १:८ चढाचा रॅम्प ७.१ अंशांचा असतो, म्हणजे तुमची गाडी तिथे जेमतेम टेकते. पुढचा कप ४५ मिमी उचलत असेल तर गाडी मागच्या ॲक्सलभोवती फिरते. मस्टँगचा व्हीलबेस २७२० मिमी, लिप त्याच्याही ९०० पुढे, त्यामुळे लिपला ४५ नाही तर ६० मिमी मिळतात. ११० चे १७० झाले, कोन साडेदहा अंशांच्या वर गेला. १:६ चा रॅम्पही (साडेनऊ अंश) निघतो. नुसत्या लिपसाठी पुढचे कप पुरेसे आहेत, आणि त्यात काही कमी नाही.

पोटाचं उलट. पुढून ४५ उचलले की मधोमध फक्त साडेबावीस मिळतात. १२५ चे १४७ झाले. गल्लीतला डांबराचा जो ढीग कोणीतरी रात्रीत घालून ठेवतो, १५० मिमी उंच आणि जेमतेम मीटरभर रुंद, तो दोन्ही चाकांच्या मध्ये आला की गाडी टेकलीच. गंमत म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक (३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्या) तुमच्या गाडीला काहीच करत नाही. दोन्ही चाकं त्याच कमानीवर असतात आणि मधला फुगवटा चाकांच्या रेषेपासून ५४ मिमीच वर येतो. नियमाने बांधलेले मिळतात कुठे, हा प्रश्न वेगळा.

म्हणून आठवडाभर घासल्याच्या खुणा बघा. लिपवर आहेत की मध्ये एक्झॉस्टच्या नळीवर? मध्ये असतील तर पुढचे कप घेऊन पैसे पाण्यात जातील. चारही बाजू उचलायला हव्यात.

आणखी एक. कप स्प्रिंगच्या वर बसतो, खाली असतानाही ४०-५० मिमी जागा खातो. त्यामुळे आखूड स्प्रिंग घ्यावी लागते, नाहीतर गाडी कायमची उंच राहते. स्प्रिंग आखूड करताना तिचा दर (कडकपणा) आणि पूर्ण दबल्यावरची लांबी दोन्ही तपासायची, नाहीतर खड्ड्यात स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडतात. वर उचललेल्या अवस्थेत शॉक ॲब्सॉर्बरची रॉड जवळजवळ पूर्ण बाहेर असते, म्हणून २०-२५ च्या वेगापलीकडे त्या स्थितीत चालवू नये, ठक्क ठक्क असा आवाज येऊन सील जातात.

हवाबंद

गोलमाप यांच्याशी सहमत. पूर्ण एअरकडे जायचं ठरलं तर ३पी आणि ३एच यातला फरक नीट समजून घ्या, कारण दुकानदार "३पी पुरतं" म्हणून गुंडाळतात.

३पी फक्त दाब बघते. ३एच दाबासोबत प्रत्येक कोपऱ्याची उंची सेन्सरने बघते. आता बॅगेचा दाब ठरतो वजन भागिले क्षेत्रफळ यावरून. एका पुढच्या कोपऱ्यावर ४१० किलो धरले, म्हणजे ४००० न्यूटन, आणि बॅगेचं उपयुक्त क्षेत्रफळ ६८ चौसेंमी असेल, तर दाब साधारण ८५ पीएसआय. बॅग सरळ स्लीव्ह (नळीसारख्या) प्रकारची असेल तर तिचं क्षेत्रफळ उंचीबरोबर फारसं बदलत नाही. म्हणजे गाडी वर असो की खाली, दाब तोच! दाब बघणाऱ्या यंत्राला उंची कळणार कशी? बेलोज म्हणजे फुगीर वेढ्यांच्या बॅगेत क्षेत्रफळ उंचीनुसार बदलतं, तिथे दाबावरून उंचीचा बऱ्यापैकी अंदाज येतो. स्लीव्हसोबत ३पी घेतली की पहाटे एक उंची, दुपारी दुसरी.

हा फरक केवढा? बॅगेतला हवेचा स्तंभ १५० मिमी धरा. पुण्यात हिवाळ्यात पहाटे १२ अंश, दुपारी बोनेटजवळ ३६. केल्व्हिनमध्ये २८५ वरून ३०९, म्हणजे ८ टक्के. वजन तेच असल्याने दाब तोच राहतो आणि हवा जागा वाढवून घेते: १२ मिमी. लिपखाली ११० असताना १२ मिमी म्हणजे घासणं आणि न घासणं यातलं अंतर. कँबर आणि टो (चाकांचे कोन) पण हलतात, टायर आतून झिजतात, मग अलाइनमेंटवाल्याला शिव्या बसतात.

दुसरा गैरसमज, "हवा जास्त भरली की गाडी कडक". स्लीव्ह बॅगेत उलटं होतं. स्प्रिंगचा कडकपणा वातावरणासह दाब, क्षेत्रफळ आणि साधारण १.३८ यांच्या गुणाकाराला हवेच्या स्तंभाच्या लांबीने भागून येतो. वरच्या मापात १५० मिमीला सुमारे ४३ न्यूटन प्रति मिमी, तोच स्तंभ १०० ला आणला तर ६५. म्हणजे खाली घेतली की कडक, वर घेतली की मऊ. उचलल्यावर जो कडकपणा जाणवतो तो शॉक ॲब्सॉर्बर वरच्या टोकाला लागल्याचा.

थोडक्यात, किट घेताना बॅगचा प्रकार विचारा, स्लीव्ह असेल तर ३एचच घ्या. ३पी ला नंतर सेन्सर जोडून ३एच करता येतं, पण वायरिंग दुसऱ्यांदा उघडायचं कशाला?

ॲपेक्स_१२

ट्रॅकचा मुद्दा राहून जातोय. हवेवरची गाडी लोळते हा समज डावी-उजवी बॅग एकाच व्हॉल्व्हवर जोडलेल्या स्वस्त किटमुळे पसरला. वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत सरकते आणि गाडी झोपते. चारही बॅगांना स्वतंत्र व्हॉल्व्ह असले की हा प्रकार होत नाही.

तरी तुमच्याकडे चांगले कॉइलओव्हर आधीच आहेत. ते काढून एअर घालण्यात ट्रॅकवर काही कमाई नाही. दोन कंप्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह ब्लॉक, वायरिंग मिळून २५-३० किलो डिकीत जातात, तेही मागच्या ॲक्सलच्या मागे. वर्षातून दोनच ट्रॅक डे असतील तर चालून जाईल. पण लॅप टाइम लिहून ठेवणारे असाल तर कपच.

एअर घेतलंच तर अँटी-रोल बारच्या लिंक लांबी बदलता येणाऱ्या घ्या. गाडी ३० मिमी खाली गेली की मूळ लिंकमुळे बारचा कोन बिघडतो आणि तो बॅगेवर किंवा ड्राइव्हशाफ्टवर घासू शकतो.

सोल्डर

टाकी, वायरिंग आणि पाणी, हे माझ्याकडून.

टाकी: ५ गॅलन (१९ लिटर) सगळे सुचवतात, पण हिशोब करा. ६८ चौसेंमीच्या दोन बॅगा ४० मिमी उचलायच्या तर ५४० मिली जागा भरायची, तीही ८५ पीएसआयला, म्हणजे वातावरणासह ६.९ बारला. मोकळ्या हवेत पावणेचार लिटर. ३ गॅलनच्या (११.४ लिटर) टाकीतून हे काढलं की दाब फक्त ५ पीएसआयने पडतो. कंप्रेसर १५० ला चालू आणि २०० ला बंद होत असेल तर तो सुरू व्हायच्या आत दहा वेळा पुढून उचलता येतं. पार जमिनीला टेकवून ठेवलेली गाडी एकदम उभी करायची तर साधारण ४५ लिटर मोकळी हवा लागते; ५ गॅलनमध्ये २०० चे १६५ होतात, ३ गॅलनमध्ये १४०. प्रदर्शनात गाडी वरखाली नाचवायची नसेल तर ३ गॅलन ॲल्युमिनियमची घ्या, वजन वाचेल.

वायरिंग: व्हायएअर ४४४सी सारखे दोन कंप्रेसर मिळून ४० अँपिअरच्या आसपास ओढतात. प्रत्येकाला स्वतंत्र रिले. मस्टँगची बॅटरी बोनेटखाली, कंप्रेसर डिकीत, तार सहज ५ मीटर होते. ८ चौमिमीच्या तांब्याच्या तारेत एकाच बाजूला ०.४ व्होल्ट पडतो, म्हणून १० ची घेतलेली बरी. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत, कारण तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या आधीचा सगळा भाग जळू शकतो. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर.

नळ्या: ट्रकच्या एअर ब्रेकला लागते तीच नायलॉनची. कटरने काटकोनात कापायची. कात्रीने कापली की टोक चपटं होतं आणि पुश फिटिंग गळतं. सायलेन्सरपासून वीतभर लांब. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. आटे असलेल्या फिटिंगला टेफ्लॉन टेप नको, तिची कातरणं सोलेनॉइडच्या (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटवर बसतात आणि बॅग रात्रभरात उतरते. द्रव सीलंट लावा, तोही पहिले दोन आटे सोडून. कंप्रेसरच्या तोंडची जाळीदार धातूची नळी गरम होते म्हणून ती धातूची दिलेली असते, तिच्या जागी नायलॉन घालणारे महाभाग आहेत. ती वितळते.

पाणी: पावसाळ्यात ३० अंशांना दमट हवेच्या घनमीटरमध्ये २७ ग्रॅम वाफ असते. १९ लिटरची टाकी १५० वरून २०० ला नेताना ६५ लिटर हवा आत जाते, तिच्यासोबत पावणेदोन ग्रॅम पाणी. दाबाखाली जवळजवळ सगळं तळाशी जमतं. दिवसातून एकदा टाकी भरली तरी आठवड्याला १२ मिली. म्हणून टाकीच्या तळाला ड्रेन कॉक, टाकी आणि व्हॉल्व्ह ब्लॉकच्या मध्ये वॉटर ट्रॅप, जून ते सप्टेंबर दर रविवारी कॉक उघडायचा. मुंबई-कोकणात तर आळस नकोच, व्हॉल्व्हचे प्लंजर गंजून अडकतात. कंप्रेसरचा फिल्टर चाकाच्या कमानीत लावू नका, डिकीत आत कोरड्या जागी घ्या.

कलम_बावन्न

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ(४) नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमचे कॉइलओव्हरही याच कक्षेत येतात. मूळ सुटे भाग विकू नका. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर लेखी घ्या. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाला दिसला तर दावा अडकतो.

वाकड_व्ही८

धन्यवाद मंडळी. खुणा पाहिल्या. लिपवर जुन्या, पण ताज्या सगळ्या मध्ये, एक्झॉस्टच्या जोडाजवळ. म्हणजे पुढचे कप बाद. मग चारही बाजूंना कप की पूर्ण एअर?

गोलमाप

चारही बाजूंना कप लावले की पोटाला पूर्ण ४५ मिळतात, १२५ चे १७०. मस्टँगला मागे स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरपासून वेगळी, सस्पेन्शनच्या हातावर (आर्म) आतल्या बाजूला बसते, त्यामुळे तिथे कप जितका उचलतो त्यापेक्षा चाकापाशी जास्त मिळतं. मागचा कप कमी उंचीचा घेतला तरी चालेल, नाहीतर गाडी नाकावर येते. कॉइलओव्हर चांगले आहेत आणि ट्रॅक सोडायचा नाही, तर माझं मत याच बाजूला. हायड्रॉलिक घ्या, तेल दबत नाही, म्हणून उचललेली गाडी तापमानाने हलत नाही. हवेचे कप स्वस्त पडतात, पण त्यासाठी टाकी-कंप्रेसर आलेच, मग अर्धा खर्च तसाही झाला.

हवाबंद

मी उलट म्हणेन. नव्वद टक्के शहर असेल तर रोजचा आराम एअरमध्ये आहे, आणि घरून निघताना हव्या त्या उंचीचं बटण. घेतलंत तर बसवताना एवढं पाहा: पुढची बॅग आणि टायर यात पूर्ण स्टिअरिंग वळवून किमान १२ मिमी अंतर. वरच्या माउंटचं बेअरिंग मोकळं फिरतंय ना, नाहीतर स्टिअरिंगबरोबर बॅग पिळवटते. गाडी जॅकवरून उतरवण्याआधी बॅगेत २०-३० पीएसआय भरा. रिकामी बॅग लांबलेली असते, तशीच उतरवली तर घडीत चिमटून फाटते. चारही बॅगा चालवायच्या दाबाला भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासा, चारही कोपऱ्यांची उंची लिहून रात्रभर ठेवा. सकाळी उंची मोजताना रात्री जितकं तापमान होतं तितकंच आहे याची खात्री करा. अलाइनमेंट शेवटी, चालवायच्या उंचीवर आणि चालकाच्या जागी वजन ठेवून.

वाकड_व्ही८

टायरचं अंतर या रविवारी मोजतो. कॉइलओव्हरच्या स्प्रिंगची लांबी आणि दरही इथे टाकतो, म्हणजे आखूड स्प्रिंग मिळते का ते आधी कळेल. नाही मिळाली तर ३एच.