औलीला जानेवारीच्या शेवटी बर्फ असतो का? मुलं आणि सासूबाई सोबत आहेत

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकहून पाच जण उत्तराखंडमधल्या औलीला जायचं म्हणतोय, २६ जानेवारीची सुट्टी धरून पुढे सहा-सात दिवस. मुलगा १३ चा, मुलगी ९ ची, दोघांनी आजवर बर्फ फक्त मोबाईलवर बघितलाय आणि मुलाला स्कीइंग शिकायचंच आहे. सासूबाई ६८ च्या आहेत, गुडघे दुखतात, पण हिमालय बघायचा म्हणून नोव्हेंबरपासून रोज सकाळी चालायला जातायत, त्यामुळे त्यांना घरी ठेवून जायचं माझ्या मनात येत नाही. एक एजंट म्हणतोय की त्या तारखांना बर्फाची गॅरंटी आहे आणि औलीच्या खालच्या जोशीमठ गावाहून रोपवेने थेट वर जाता येईल. खरंय का हे? आणि नवशिक्यांनी किती दिवस ठेवावेत, कपडे विकत घ्यायचे की तिथे भाड्याने मिळतात? प्लीज जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी सांगा, पैसे भरायला चारच दिवस उरलेत.

भटका_डोंबिवलीकर
ताई, थांबा, पैसे भरू नका अजून. जोशीमठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचून घरांना तडे गेले तेव्हा बंद झाला, आणि त्यानंतर मी गेलो तेव्हा बंदच होता. जवळजवळ चार किलोमीटरचा होता तो, जुन्या व्हिडिओंत दिसतो आणि एजंट लोक तेच व्हिडिओ पाठवतात. औलीत एक चेअरलिफ्ट (तारेवरून चालणाऱ्या खुर्च्या) आहे ती वेगळी, ती खालच्या औलीतून वरच्या उतारापर्यंत नेते, साधारण ८०० मीटर. खूप जणांचा इथेच गोंधळ होतो, म्हणून एजंटला स्पष्ट विचारा की रोपवे म्हणतोयस की चेअरलिफ्ट. जोशीमठहून वर रस्त्यानेच जायचं धरून चाला, १४-१५ किलोमीटर आहे. आणि हो, नकाशात आता ज्योतिर्मठ असं नाव दिसेल, २०२४ ला बदललं, गाव तेच.

बर्फाची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. मी एका वर्षी १२ जानेवारीला पोचलो, असंच आश्वासन घेऊन, आणि उतारावर नुसतं पिवळं वाळलेलं गवत. आईबाबा सोबत होते. बाबा काही बोलले नाहीत पण त्यांनी नवीन घेतलेले हातमोजे बॅगेतून काढलेच नाहीत ते मला अजून आठवतं. २०२३ च्या फेब्रुवारीत तर राष्ट्रीय स्कीइंग स्पर्धा बर्फ नाही म्हणून रद्द झाल्या होत्या औलीतल्या. जिथे खेळाडूंनाच बर्फ मिळाला नाही तिथे आपल्याला कोण गॅरंटी देणार!

बर्फवेडी_पुणे
वरच्यांशी सहमत, पण ताई जाऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही, फक्त तारीख धरून जाऊ नका, बर्फ धरून जा. मी तिथे सात दिवसांचा स्कीइंगचा कोर्स केलाय गढवाल मंडल विकास निगमचा (तिकडची सरकारी पर्यटन संस्था), नंतर दोनदा परत गेले, तर थोडं सविस्तर लिहिते.

तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो तो पश्चिमेकडून येणाऱ्या वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे (ओल घेऊन येणाऱ्या वादळी हवेमुळे), आपल्या मान्सूनसारखा तो ठरल्या आठवड्यात येत नाही, कधी ओळीने दोन येतात आणि कधी महिना कोरडा जातो. डेहराडूनच्या हवामान केंद्राचा अंदाज निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज बघा, त्यात औलीच्या चमोली जिल्ह्यासाठी किती मीटरच्या वर बर्फ पडेल ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडाच महत्त्वाचा. औली साधारण २५०० ते ३००० मीटरमध्ये येतं (आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे अंदाज करा). २५०० च्या वर लिहिलं असेल तर सगळं औली पांढरं होण्याची आशा, ३००० च्या वर लिहिलं असेल तर तुम्हाला बर्फ समोरच्या डोंगरांवर दिसणार आणि औलीत पाऊस किंवा थोडी भुरभुर. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फ बनवायची यंत्रं आणि वर एक कृत्रिम तळं केलं होतं, पण ती यंत्रं चालायला पारा शून्याखाली असावा लागतो, त्यांच्या भरवशावर बुकिंग करू नका.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा जानेवारीपेक्षा बरा, कारण तोवर दोन-तीनदा पडून खाली थर बसलेला असतो. उतार उत्तरेकडे तोंड करून आहे म्हणून एकदा थर बसला की टिकतो. शाळेची अडचण असेल तर निदान हॉटेल असं घ्या की तारीख पुढे ढकलता येईल.

आता मुलाचं. एका दिवसात स्कीइंग "करून" येणारे खूप असतात, माणूस हात धरून दहा फूट ढकलतो, फोटो काढतो, झालं. शिकायचं असेल तर सलग चार दिवस तरी द्या, सात असतील तर फार छान. पहिल्या दिवशी लिफ्ट वगैरे काही नाही, स्की पायात घालून उताराला आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढायचं आणि तेवढंच खाली घसरायचं. थांबायला शिकवतात ते असं: पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर ढकलायच्या, आणि नडगी बुटाच्या जिभेवर दाबून ठेवायची. भीती वाटली की आपण आपोआप मागे रेलतो आणि मागे रेललं की स्की पळतेच. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, सर ओरडत होते "आगे, आगे" आणि एकदा नडगीवर तो दाब नीट जाणवला तेव्हा स्की चक्क माझं ऐकायला लागली. त्या दिवशी रात्री झोप आली नाही आनंदाने.

मोजे एकच जोडी, जाड. दोन घातले तर घडी पडते, बूट आवळला की रक्त थांबतं आणि पाय उलटे जास्त गार पडतात. स्की, बूट, जॅकेट, गमबूट सगळं तिथे भाड्याने मिळतं. हातमोजे मात्र पाणी आत न जाणारे इथूनच घेऊन जा, आणि मुलांना गॉगल नक्की, ऊन बर्फावरून डोळ्यात जातं.

गोदाकाठची
बापरे, किती मनापासून लिहिलंय तुम्ही दोघांनी, खूप आभार. एजंटला आत्ता फोन केला, रोपवेचं विचारलं तर म्हणाला "तिकडे गेल्यावर बघू", म्हणजे समजलं मला. स्वतःच करायचं ठरवतोय आता. रस्त्याचं आणि सासूबाईंचं कोणी सांगेल का?

ऋषिकेशला_राहतो
मूळ सातारचा, नोकरीमुळे सहा वर्षं इकडे. ऋषिकेश ते जोशीमठ २५० किलोमीटर आहे पण आपल्या एक्सप्रेसवेसारखं मोजू नका, नऊ-दहा तास जातात, दरड आली तर जास्त. सासूबाईंसाठी हे एका दिवसात करू नका, मध्ये रुद्रप्रयाग किंवा पिपलकोटीला मुक्काम करा. पहाटे सहाला निघा, अंधार पडायच्या आत पोचायचंच. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग चारही लागतात, देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदेचे दोन वेगळे रंग वरच्या रस्त्यावरूनच दिसतात, गाडी थांबवून त्यांना दाखवाच. बद्रीनाथ हिवाळ्यात बंद असतं पण शंकराचार्यांची गादी तेव्हा जोशीमठच्या नृसिंह मंदिरात येते, तिथे त्यांना दर्शन होईल.

जोशीमठ ते औली शेवटचा टप्पा स्वतःच्या गाडीने करू नका. बर्फ दिसतो, त्याची भीती नाही, भीती पाल्याची. इकडे पाला म्हणजे झाडपाला नव्हे, रात्री ओल गोठून डांबरावर जो पारदर्शक थर बसतो तो, सावलीच्या वळणांवर दहा-अकरापर्यंत तसाच असतो आणि डोळ्याला नुसता ओला रस्ता वाटतो. चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक जीप घ्या आणि ऊन वर आल्यावर निघा.

आधी एक रात्र जोशीमठला झोपा, उंचीची सवय होते. वर गेल्यावर आजींना चेअरलिफ्टने न्या, पण चालू खुर्चीत बसायचं असतं त्यामुळे चालवणाऱ्याला आधी सांगा, वेग कमी करतात. हवा साफ असेल तर समोर नंदादेवी, ७८१६ मीटर. सकाळी लवकर, दुपारी ढग येतात.

गोदाकाठची
सासूबाईंना वाचून दाखवलं सगळं. त्या म्हणाल्या फेब्रुवारी चालेल, तोवर अजून चालणं वाढवते. शाळेत उद्या विचारते. @बर्फवेडी_पुणे, ९ वर्षांच्या मुलीच्या मापाचे बूट मिळतात का तिथे?

बर्फवेडी_पुणे
मिळतात पण छोट्या मापाचे जोड कमी असतात, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. घातल्यावर तिला उभं करून गुडघे वाकवायला सांगा, टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून घ्या. आणि पँट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचू नका, बर्फ आत जातो.