'स्वमग्न' म्हणजे नक्की कशात मग्न?

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, हा शब्द योग्य वाटतो का? आणि न्यूरोडायव्हर्सिटीला, म्हणजे प्रत्येकाचा मेंदू वेगवेगळ्या पद्धतीनं चालतो या कल्पनेला, काय म्हणायचं? पालकसभेसाठी मराठीतून चार ओळी लिहायच्यात म्हणून विचारतेय.

———

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, त्यामुळे हा शब्द सतत कानावर पडतो आणि दर वेळी थोडा खटकतो. ऑटिझम हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांचा, १९११ च्या सुमाराचा, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर लेख लिहिला आणि तो शब्द मुलांना चिकटला. आपला स्वमग्न त्यावरूनच आलेला. आता 'मग्न'चा मूळ अर्थ बुडालेला, ध्यानमग्न, चिंतामग्न वगैरे, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं हे मूल आपल्याच तंद्रीत आहे, बाहेरचं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. आमच्याकडे तर उलटंच आहे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी, नुसती वाफ सुटायला लागली की हा कानांवर हात ठेवून गॅलरीत जातो. शर्टाच्या मानेचं लेबल कापल्याशिवाय अंगात घालत नाही. बाहेरचं जग त्याच्यात जरा जास्तच शिरतं.

आणि तहान लागली की समोर येऊन विचारतो, "तुला पाणी हवंय का?" कारण पाणी मिळतं तेव्हा त्यानं हेच वाक्य ऐकलेलं असतं. पाहुणे म्हणतात, "नको रे बाळा, आत्ताच प्यायलो," आणि हा बिचारा तहानलेला तसाच उभा. मी-तूची ही अदलाबदल कॅनर यांनीही नोंदवली होती. तो स्वतःत बुडालेला असता तर माझ्यापर्यंत आलाच कशाला असता?

तरी शब्द टाकून द्या असं मी म्हणणार नाही. त्याच्या आजीला ऑटिझम म्हणता येत नाही, पण शेजारी कोणी 'खुळा' म्हणालं तेव्हा ती ठामपणे म्हणाली, "खुळा नाही, स्वमग्न आहे तो." मतिमंद, वेडसर ऐकून ऐकून थकलेल्या घरांना या शब्दानं मान दिलाय, तो काढून घेऊ नये.

मला जास्त राग 'ऑटिझमग्रस्त'चा येतो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, त्याच रांगेत हे मूल! ग्रस्त म्हणजे गिळलेला, खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. तसंच "त्याला ऑटिझम झालाय" असं सर्रास बोलतात, सर्दी झाल्यासारखं, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, बरा कधी होणार. 'झालाय' नको, 'आहे' म्हणा, एवढ्यानं फरक पडतो.

न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द १९९० च्या दशकाच्या शेवटी रुळायला लागला. चेताविविधता म्हणता येईल पण सभेत कोणाला कळणार नाही, मी मेंदूवैविध्य म्हणेन, जैवविविधतेशी नातंही कळतं. फक्त 'मेंदूवैविध्य असलेली मुलं' असं लिहू नका. जैवविविधता जंगलात असते, एकट्या झाडात नसते, तसं वैविध्य अख्ख्या वर्गाचं, त्यात तुमचं मूलही आलं. आणि वैविध्य म्हणताना दिव्यांगता हा शब्द लपवू नका प्लीज, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगतांमध्ये ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, आणि परीक्षेत रायटर, जादा वेळ मागायला त्याचंच सर्टिफिकेट लागतं.

———

खूप छान समजावलंत. एडीएचडीला 'अतिचंचलता' लिहू ना मग?

———

नुसतं तेवढंच नको, त्यात लक्ष टिकवण्याची अडचण राहूनच जाते. अवधानाची अडचण आणि अतिचंचलता असं दोन्ही लिहा. शेवटच्या बाकावर गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी, दर आठवड्याला डबा शाळेत विसरून येणारी मुलगी चंचल या शब्दात सापडतच नाही, तिला सगळे वेंधळी म्हणून मोकळे होतात.